शेरा

मार्च संपायच्या आत अनुदान संपवायचं असतं,
म्हणून उदगीरला आमच्या कॉलेजात पुस्तकं उन्हाबरोबर येतात.
यंदा सात खोकी. समाजशास्त्र, इतिहास, चिमूटभर तत्त्वज्ञान.
हल्लीच्या नावांत मधोमध दोन ठिपके असतात, विसर्गासारखे:
अलीकडे एखादा साधा शब्द,
पलीकडे वरातीएवढं शेपूट.
मी शिक्का मारते, दाखल क्रमांक घालते.
किंमत लिहिताना पौंडाचं चिन्ह
अजून नीट वळत नाही.

दाखल क्रमांक ४१३०७.
अलीकडे स्पर्श. पलीकडे जात, बाजार, दख्खन, आणखी काहीबाही.
चाळता चाळता पान एकशे त्रेचाळीसवर
आत्या सापडली.

नाव बदललेलं. तिथं ती रेणुका,
वय साठच्या पुढे, धंदा बांगड्यांचा, निरक्षर.
पण हंडरगुळीच्या बाजारात खांद्यावर माळा टाकून
"फुटली म्हणू नये बाई, वाढली म्हणावं"
हे आमच्या केवळाआत्याशिवाय कोण म्हणणार?
मी बारावीत होते तेव्हा शाल्मली नावाची एक बाई आली होती,
आत्यामागं तीन आठवडे हिंडली,
वहीत लिहीत राहिली, जाताना रडली.

रात्री डिक्शनरी मांडीवर घेऊन
आत्याला आत्याच वाचून दाखवली.
की ही नुसती बोटं दाबून सांगते, सव्वादोन की अडीच.
की कुठल्या मनगटाचं हाड कधी मोडलं होतं ते हिला कळतं,
कुणी मोडलं तेही.
की पाटलीणबाई असो नाहीतर मजुरीण,
हिच्या तळव्यात गावाची उतरंड क्षणभर विरघळते.

"इरघळती म्हंजी?"
साखरेवानी, म्हटलं.

आत्यानं बोटावर मिसरी घेतली. लावली नाही.
"पलीकडल्या वस्तीचं लिवलंय का?"
पानं मागं-पुढं केली. नव्हतं.
"तिकडं म्या हात धरत नव्हते.
सुपात बांगड्या ठिवायची, सूप पुढं सारायची.
आपापल्या भरायच्या त्या.
उजव्या हातात डाव्या हातानं काच चढवून बघ एकदा,
पोरींचं रगत निघायचं.
वाढली तर त्यांची.
पैसं पाणी मारून घ्यायची."
मग तिला का नाही सांगितलंस?
"इचारलं न्हाई तिनं.
आन् तिच्या वहीत म्या लई चांगली दिसत व्हते."

दाखल रजिस्टरात शेवटचा रकाना शेऱ्याचा.
फाटले. हरवले. बाइंडिंगला दिले.
माणूस पानातून गळाला तर काय लिहायचं,
हे प्रशिक्षणात सांगितलं नव्हतं.
रकाना कोरा ठेवला.

जूनमध्ये ते पुस्तक पहिल्यांदा नेलं
एम. ए.च्या पौर्णिमा सोनकांबळेनं.
आठ दिवसांत परत.
एकशे त्रेचाळीसच्या समासात पेन्सिलचं प्रश्नचिन्ह,
'विरघळते'च्या शेजारी,
इतकं बारीक की आधी वाटलं
एखादा केस चिकटलाय.

नियमानं दहा रुपये दंड.
मी लावला नाही. खोडरबरही काढला नाही.
तिनं एकदा माझ्याकडं पाहिलं, आडनाव वाचावं तसं,
आणि नव्या पुस्तकांच्या कपाटाकडं गेली.

घरी सांगितलं.
आत्या बराच वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली, "केवढ्याचा हात असंल गं तिचा?"

मला सांगता आलं नाही.
पुस्तक देताना
मी ते काउंटरवर ठेवलं होतं,
पुढं सारलं होतं.